गुंतवळ वाढला? मग गळ्याकडेही पाहा

आमच्या गावात अजूनही अधूनमधून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गल्लीतून ओरडत जाते. घरोघरच्या बायका फणीला येणारा गुंतवळ पिशवीत साठवून ठेवतात आणि तिला देतात. बदल्यात एखादे लहानसे भांडे, नाहीतर मुलांना फुगे मिळतात. वर्षभर साठवावे तेव्हा कुठे मूठभर केस जमतात.

असा गुंतवळ एकदा माझ्या टेबलावर आला. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी, वय ३८, प्लॅस्टिकची भरलेली पिशवी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पूर्वी एवढे केस जमायला वर्ष लागायचे. हे दीड महिन्यातले आहेत. कांद्याचा रस झाला, जास्वंदीचे तेल झाले, टीव्हीवरच्या जाहिरातीतले महागडे तेल झाले. आता तुम्हीच काय ते सांगा." (बाईंच्या परवानगीने ही हकिकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

मार्च महिना होता. बाकावर बसलेले सगळे पेशंट घामाघूम झाले होते आणि या बाई पदर अंगाभोवती घट्ट लपेटून म्हणत होत्या, "पंखा जरा कमी करता का?" आवाजही घोगरा लागला. सर्दी झाली का, असे विचारले तर म्हणाल्या, "नाही हो, मुलांवर ओरडून बसलाय. सहा महिने झाले." मग मी नीट पाहिले. भुवयांची कानाकडची टोके विरळ झाली होती. हाताची कातडी खरखरीत होती. टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली, तर पाऊल झटक्याने खाली गेले, पण जागेवर परतायला वेळ लागला. बाईंचे दुखणे केसांत नव्हते, गळ्यात होते. तपासणीत टी.एस.एच. ९० च्या घरात आला. निरोगी माणसात तो साधारण ०.५ ते ४.५ च्या दरम्यान असतो.

आता माझी चूक सांगतो. या बाई वर्षभरात माझ्याकडे तीनदा येऊन गेल्या होत्या. पहिल्यांदा थकवा म्हणून आल्या. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले, मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्यांदा बद्धकोष्ठता. लोहाच्या गोळ्यांनी होते तसे, असे सांगून इसबगोल दिला. तिसऱ्यांदा पाळीत फार रक्त जाते म्हणून आल्या, तेव्हा ते थांबवण्याच्या गोळ्या दिल्या. प्रत्येक वेळी नवा कागद, नवे औषध. रक्त कमी आहे हे खरे होते, पण ते का कमी आहे हे मी विचारले नाही. चारही तक्रारींचे मूळ एकच होते आणि ते मला केसांच्या पिशवीने दाखवले.

अवटू ग्रंथी म्हणजे काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या थोडी खाली, फुलपाखरासारख्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी किंवा थायरॉइड म्हणतात. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. आपण खातो त्या आयोडीनपासून ती टी-फोर आणि टी-थ्री ही दोन संप्रेरके तयार करते. शरीरातल्या पेशींनी कोणत्या गतीने काम करायचे हे या संप्रेरकांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिच्यावर मुकादमासारखी देखरेख ठेवते. अवटूचे काम कमी पडू लागले की मुकादम जास्त ओरडतो. हे ओरडणे म्हणजेच टी.एस.एच. म्हणून ग्रंथी मंदावली की टी.एस.एच. वाढतो आणि ग्रंथी बेफाम सुटली की तो खाली जातो. पुष्कळ लोक अहवालात टी.एस.एच. जास्त पाहून "माझा थायरॉइड वाढलाय" असे म्हणतात. बहुधा अर्थ नेमका उलटा असतो.

केस आणि थायरॉइड

आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचे वेळापत्रक वेगळे. एक केस २ ते ६ वर्षे वाढत राहतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते आणि पुढे सुमारे ३ महिने तो नुसता विश्रांती घेत डोक्यात अडकून राहतो. शेवटी गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो. निरोगी डोक्यावर दर शंभरातले ८५ ते ९० केस वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा आजार नव्हे. वडाच्या झाडासारखे हे आहे. जुनी पाने गळत असतात, नवी फुटत असतात, झाड बोडके दिसत नाही.

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरात सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना हे संप्रेरक सतत लागते. ते कमी पडले की वाढीतले पुष्कळ केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात आणि नवा केस उगवायलाही उशीर होतो. विश्रांतीतल्या केसांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. मग वडाचे झाड पानगळीच्या पळसासारखे दिसू लागते.

वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. केस विश्रांतीत गेल्यावर गळायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे आज फणीत आलेला केस हा आजच्या नव्हे, तीन महिन्यांपूर्वीच्या प्रकृतीचा निरोप असतो. हा हिशेब पुढे पुन्हा लागणार आहे.

ग्रंथी मंदावली म्हणजे केस कोरडे, राठ, तुटके होतात, कारण घाम आणि त्वचेचे तेलही कमी होते. गळती एका ठिकाणी नसते, साऱ्या डोक्यावर सारखी असते. भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात, हातापायांवरची लवही कमी होते. जोडीला थकवा, थंडी सहन न होणे, फारसे न खाता वजन वाढणे, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, विसरभोळेपणा, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे असतात. पाळीत रक्त जास्त गेले की अंगातले लोह कमी होते आणि त्यानेही केस गळतात. बाईंचे नेमके हेच झाले होते.

ग्रंथी बेफाम सुटली तरी केस गळतातच, पण ते वेगळे दिसतात. केस बारीक, मऊ, रेशमासारखे होतात आणि विरळ होत जातात. अशा माणसाला भूक चांगली लागते तरी वजन उतरते. छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम फार येतो, झोप लागत नाही. काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात. अशा वेळी कार्बिमाझोलसारखी वेगळी औषधे लागतात. ती चालू असताना ताप किंवा घसादुखी झाली तर घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावे, कारण क्वचित या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात.

तिसरा प्रकार चाईचा. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो, त्याला आपण चाई म्हणतो. किड्याने केस खाल्ले अशी समजूत आहे, ती खरी नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करते. हीच चूक तिने अवटू ग्रंथीच्या बाबतीत केली की ग्रंथी हळूहळू निकामी होते. दोन्ही एका जातीची दुखणी असल्याने चाईच्या रुग्णांत थायरॉइडचा दोष अधिक आढळतो. मात्र चाई थायरॉइडच्या गोळीने बरी होत नाही, तिचा उपचार वेगळा आहे.

मीठ तर आयोडीनचे खातो, मग?

हा प्रश्न बाईंनीच विचारला. शाळेत त्या मुलांना आयोडीनचे महत्त्व शिकवत असत. पूर्वी आपल्या देशात, विशेषतः हिमालयाच्या पायथ्याच्या भागात, मातीपाण्यात आयोडीन कमी असल्याने गावेच्या गावे गलगंडाने पीडित असत. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगातून मिठात आयोडीन घालण्याचा उपयोग सिद्ध झाला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. त्याचा फायदा मोठा झाला. पण आज माझ्यासारख्या डॉक्टरकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांत आयोडीनची कमतरता हे कारण नसते. वर सांगितलेला, शरीराचा स्वतःच्याच ग्रंथीवरचा हल्ला हे असते. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. म्हणून मीठ नेहमीचेच खावे. आयोडीनच्या जादा गोळ्या मनाने घेतल्या तर कधी कधी दोष वाढतो.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत ग्रंथी मंदावलेली आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त असते.

सगळी केसगळती थायरॉइडची नव्हे

हे वाचून उद्या सर्वांनीच तपासणीसाठी रांग लावू नये. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस भरपूर गळतात, ते बहुतेकींचे आपोआप थांबते. (थकवा, धडधड किंवा उदासी जोडीला असेल तर मात्र तपासावे, कारण बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतो.) टायफॉइड, डेंग्यू, करोना अशा तापानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा उपासमार करून वजन उतरवल्यावरही दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. पुरुषांचे कपाळ मागे सरकत जाणे बहुधा घराण्याकडून आलेले असते. बायकांत भांगाची रेषा रुंद होत जाणे आणि जोडीला चेहऱ्यावर लव व अनियमित पाळी असणे, याचे कारण अंडाशयाकडे शोधावे लागते. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांतच गळून पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तेथे चौकशीचा रोख सेलेनियम या द्रव्याच्या अतिरेकाकडे होता. एवढ्या झपाट्याने आणि गावभर एकदम होणारी गळती थायरॉइडची नसते. थायरॉइड गुपचूप, एकेका माणसात, महिनोन्‌महिने काम करतो.

म्हणून साऱ्या डोक्याचे केस दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ गळत असतील आणि जोडीला वर सांगितलेल्यांपैकी एखादे-दुसरे लक्षण असेल, किंवा आई, बहीण, मावशी यांना थायरॉइड असेल, तर टी.एस.एच. तपासून घ्यावा. सोबत हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठाही पाहावा. तपासणीपूर्वी आणखी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते. त्याने काही यंत्रांवर थायरॉइडचा आकडा चुकीचा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस अशी गोळी बंद ठेवावी.

गोळी आणि धीर

१८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका बाईला या आजारातून वर काढले. त्या पुढे २८ वर्षे जगल्या. आज मेंढीची गरज नाही. लिव्होथायरॉक्सिनची लहानशी गोळी तेच काम करते आणि ती स्वस्त आहे.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून मात्रा ठरवावी. वयस्कर आणि हृदयविकाराच्या रुग्णांना सुरुवात फार कमी मात्रेने करतात. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. अशा वेळी मात्रा बहुधा वाढवावी लागते, गोळी बंद तर कधीच करू नये. बाळाच्या मेंदूच्या वाढीला हे संप्रेरक लागते.

"एकदा सुरू केली की सवय लागते," असे लोक म्हणतात. ही सवय नव्हे, भरपाई आहे. विहिरीचे पाणी आटले की पिकाला बाहेरून पाणी आणून द्यावेच लागते. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. उलट, ज्यांचा थायरॉइड ठीक आहे त्यांनी केस वाढावेत म्हणून ही गोळी घेऊ नये. केस तर वाढत नाहीतच, पण हृदयाची धडधड सुरू होते आणि हाडे ठिसूळ होतात.

बाईंना मी गोळी सुरू केली आणि येथे माझी दुसरी चूक झाली. केस कधी येतील हे मी त्यांना सांगितले नाही. सात आठवड्यांनी फोन केला तेव्हा कळले की त्यांनी गोळी सोडून दिली आहे. अंगातली मरगळ थोडी गेली होती, पण केस तसेच गळत होते. शेजारणीने सांगितले होते, "त्या गोळीनेच केस जातात." मी त्यांना बोलावून तीन महिन्यांचा हिशेब समजावला. आज गळणारे केस गोळीपूर्वीच विश्रांतीत गेलेले आहेत, ते जाणारच. काहींना गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस जरा जास्तच गळाल्यासारखे वाटतात. नवा केस महिन्याला १ सेंटिमीटर वाढतो, तो डोळ्यांना दिसायला चार-सहा महिने आणि वेणीत यायला वर्षाहून जास्त लागते. बाई गणित शिकवतात, त्यांना ते पटले. माझ्याच मनाला मात्र टोचणी लागली की हे पाच मिनिटांचे बोलणे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

त्या दिवशी बाई आणखी काही बोलल्या. गेल्या वर्षभरात सासूबाई म्हणत, "सून आळशी झाली." शाळेत मुख्याध्यापक म्हणत, "तुमचे लक्ष नसते." आणि हळूहळू त्यांनाही ते खरे वाटू लागले होते. वजन वाढले ते आपण खातो म्हणून, काम होत नाही ते आपण कामचुकार म्हणून, आठवत नाही ते आपण बावळट म्हणून. मी विचारले, "बाई, मग हे आधी का नाही सांगितलेत?" तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, स्वभावाला काय औषध असते? केस गळतात हे निदान दाखवता तरी येते."

हे वाक्य मी विसरलो नाही. घरातली बाई वर्षभर थकलेली असते, ते कोणाला आजार वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही. केस गळू लागले तर ती दवाखान्याची पायरी चढते. म्हणून माझ्याकडे कोणी केसांची तक्रार घेऊन आले तर आता मी तेलाबद्दल विचारत नाही. थंडी वाजते का, पोट साफ होते का, पाळी कशी आहे, आवाज बदलला का, असे विचारतो आणि कागदावर मागच्या तक्रारी एकाखाली एक लिहून पाहतो. वाचकांनीही आपल्या घरात कोणी असे अचानक "आळशी" झाले असेल तर रागावण्याआधी एवढी तपासणी करून घ्यावी.

बाईंना आता दीड वर्ष झाले. टी.एस.एच. ३ वर आहे, हिमोग्लोबिन १२ झाले आहे. नवव्या महिन्यात त्यांनी कपाळाजवळ उभे राहिलेले बोटभर नवे केस दाखवले. पेरणीनंतर कोंब दिसावेत तसे. केस पूर्वीइतके दाट झालेले नाहीत, कदाचित होणारही नाहीत, वयाचाही भाग असतो. पण परवा औषध लिहून घ्यायला आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गुंतवळवाली येऊन गेली. तिला द्यायला काही नव्हते."